अनाथालयास इंग्रजीत काय म्हणावे?

कंधार तालुक्यातील खेड्यापाड्यांत कोणाचा बाप वारला, कोणाचे आईबाप ऊसतोडीस निघाले, आणि मुलास कोठे ठेवावे असा प्रश्न पडला, म्हणजे लोक मंडळीच्या शिक्षकाकडे किंवा उपदेशकाकडे येतात. मग एखाद्या संस्थेस इंग्रजीत पत्र लिहावे लागते, व त्यात ‘ऑर्फनेज’ हा शब्द सहज उतरतो. तो बहुधा चुकीचा असतो, आणि त्याचा भुर्दंड लिहिणारास नव्हे, मुलास बसतो. म्हणून आज आपण त्याचा विचार करू.

आपला ‘अनाथ’ हा शब्द ऐसपैस आहे. ज्यास नाथ, म्हणजे सांभाळणारा, नाही तो अनाथ. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली ती विधवांसाठी, आणि तिच्या आश्रमास इंग्रजीत ‘विडोज होम’ म्हणत. आईबाप हयात असलेली विधवाही आपल्या भाषेत अनाथच. नावात काही खोटे नव्हते. इंग्रजी ‘ऑर्फन’ तसा नव्हे. तो वाचताच आई व बाप दोघेही गेले असे वाचणारा समजतो. याकोबाच्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या शेवटी, आपण जेथे ‘अनाथ’ वाचतो, तेथील ग्रीक शब्दापासूनच ‘ऑर्फन’ निघाला आहे. तरी 1611 च्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘फादरलेस’, म्हणजे बाप नसलेला, असा शब्द घातला आहे. त्या भाषांतरकारांनी येथे शब्द तोलून वापरला असे आम्हांस वाटते.

कंधार 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीजवळ, सरूरनगर येथे, विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया मेमोरियल ऑर्फनेज निघाले. पुढे त्याच संस्थेच्या नावातून ‘ऑर्फनेज’ जाऊन ‘होम’ आले.

आता कायदा पाहू. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात अशा सर्व घरांस मिळून ‘चाइल्ड केअर इन्स्टिट्यूशन’ असे नाव आहे. ह्या एका छपराखाली निरनिराळ्या खोल्या आहेत. ज्यास काळजी व संरक्षण पाहिजे अशा मुलास बाल कल्याण समिती जेथे ठेवते ते ‘चिल्ड्रन्स होम’, म्हणजे बालगृह. थोड्या दिवसांचा निवारा तो ‘ओपन शेल्टर’. ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे त्यास चौकशी चालू असता ठेवतात ते ‘ऑब्झर्वेशन होम’, म्हणजे निरीक्षणगृह. ह्यालाच लोक अजून ‘रिमांड होम’ म्हणतात, आणि कित्येक तर कोणत्याही बालगृहास तेच नाव देतात. बालगृहातील गरीब मुलगी ‘रिमांड होममध्ये आहे’ असे लिहिणे म्हणजे तिच्यावर नसलेला आरोप ठेवणे होय.

ऊसतोड करणारांची मुले हंगामापुरती जेथे राहतात ते वसतिगृह; त्यास ‘हॉस्टेल’ म्हणावे. ते ऑर्फनेज नव्हे, होमही नव्हे. त्या मुलाचे आईबाप कारखाना बंद झाला की परत यावयाचे आहेत.

नावापेक्षाही क्रियापद सांभाळावे लागते. आपल्याकडे आई म्हणते, “पोरगं बोर्डिंगात दिलं.” ह्या ‘दिलं’चे इंग्रजी कोणी ‘सरेंडर्ड’ असे केले, तर कायद्यात त्याचा अर्थ फार वेगळा होतो. आईबापांनी मुलावरील हक्क सोडून समितीपुढे तसा लेख करून दिला, असा तो अर्थ आहे. त्यांना फेरविचारास दोन महिने मिळतात. पुढे ते मूल दत्तक देण्यास मोकळे ठरविता येते. समिती चौकशी करते, केवळ पत्रावरून मूल कोणास देत नाही, हे खरे. पण पत्र कागदांत राहते, आणि ज्या आईविषयी ते लिहिले तिला ते वाचता येत नाही. म्हणून ‘अ‍ॅडमिटेड’ असे लिहावे, किती दिवसांसाठी ते लिहावे, आणि आई हयात असल्यास ‘मदर लिव्हिंग’ हे दोन शब्द कधी गाळू नयेत. पत्र धाडण्यापूर्वी ते तिला मराठीत वाचून दाखवावे.

संस्थेचे नाव मात्र आपण भाषांतर करून बनवू नये. बालगृहास सरकारी नोंदणीचा दाखला असतो. तो मागून पाहावा आणि त्यावरील नाव जसेच्या तसे उतरून घ्यावे. दाखला दाखविण्यास कोणी टाळाटाळ केली, तर मूल तेथे न ठेवता जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीस कळवावे.