जुने संगणकीय खेळ आणि नवी कार्यप्रणाली

शाळेच्या संगणक कक्षास भेट देणारे माजी विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स’ अजून चालतात का? प्रश्न गमतीने विचारलेला असतो; परंतु त्याचे उत्तर गांभीर्याने द्यावे, असे आम्हांस वाटते. वसतिगृहातील कित्येक मुलांनी कळफलकाला पहिला स्पर्श केला तो अर्ज टंकित करण्यासाठी नव्हे, तर बाणाच्या कळा दाबून पडद्यावरील एका लहानशा माणसाला खड्ड्यावरून उडी मारायला लावण्यासाठी. शिवाय कक्षाच्या कपाटात मराठी माध्यमासाठी तयार झालेल्या गणित-भूगोलाच्या खेळांच्या सीडी आहेत आणि त्यांची जागा घेईल असे नवे मराठीत आमच्या हाती फारसे आलेले नाही. हे खेळ नव्या संगणकावर का अडतात आणि ते कसे चालविता येतात, याचा हा छोटासा अभ्यास.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खेळ जुना झाला म्हणून झिजत नाही. यंत्राचा दाता झिजतो, दोरी कुजते. प्रोग्रॅम म्हणजे केवळ आज्ञांची यादी, ती तीस वर्षांनंतरही अक्षरशः तशीच राहते. बदलते ते तिच्या भोवतालचे जग. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची डॉस आवृत्ती १९९०ची. तिच्या आज्ञा १६ बिटांच्या प्रक्रियकासाठी लिहिलेल्या आहेत. विंडोज एक्सपीसारख्या ३२ बिटांच्या प्रणालीत अशा प्रोग्रॅमसाठी डॉसचा एक छोटा कोपरा राखून ठेवलेला होता, म्हणून तो त्या काळी चालत असे. प्रक्रियक ६४ बिटांच्या पद्धतीने चालू लागला की, जुन्या ८०८६ प्रक्रियकाचे सोंग घेण्याची ती सोय त्याच्यापाशी उरत नाही. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांतच मिळते. म्हणून ‘हा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालू शकत नाही’ असा संदेश आला, तर फाइल खराब झाली असे समजून ती पुन्हा पुन्हा उतरवून घेण्यात अर्थ नाही.

उपाय असा की, खेळाला हवे असलेले जगच त्याच्याभोवती उभारून द्यावे. ‘डॉसबॉक्स’ नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम हेच करतो. जुना प्रक्रियक, जुना पडदा, जुने ध्वनिकार्ड या साऱ्यांचे वागणे तो नव्या संगणकाच्या आत हुबेहूब वठवितो. खेळाला वाटते आपण १९९०मध्येच आहोत. कृती अवघड नाही. खेळाच्या सर्व फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. डॉसबॉक्स उघडल्यावर दिसणाऱ्या काळ्या खिडकीत ‘माउंट’ हा इंग्रजी शब्द, मग सी हे अक्षर, मग त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग, असे मध्ये एकेक जागा सोडून टंकावे. नंतर सी व अपूर्णविराम टंकून एंटर दाबावे आणि शेवटी खेळाच्या मुख्य फाइलीचे नाव द्यावे. ऑल्ट व एंटर एकत्र दाबल्यास खेळ पूर्ण पडद्यावर येतो. माउस खिडकीत अडकला, तर कंट्रोल व एफ-१० दाबून तो सुटतो. हे शेवटचे ठाऊक नसल्यामुळे घाबरून संगणकच बंद करणारे पुष्कळ असतात.

येथे वेगाचा प्रश्न येतो आणि तो आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटतो. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रक्रियक ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. त्या काळच्या कित्येक खेळांनी घड्याळ पाहण्याची तसदीच घेतली नाही. ‘इतक्या वेळा मोज आणि मग पुढचे पाऊल टाक’ एवढीच आज्ञा त्यांत असे. प्रक्रियक वेगवान झाला तशी ती मोजणी क्षणार्धात संपू लागली आणि पात्रे पडद्यावरून वाऱ्यासारखी पळू लागली. जुन्या संगणकाच्या डब्यावर ‘टर्बो’ नावाचे बटण असे. वेग वाढविण्याचे बटण म्हणून सारे ते मिरवीत. त्याचा खरा उपयोग मात्र अशा खेळांसाठी संगणक मंद करण्याचा होता. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमांची गत तर आणखी न्यारी. आरंभी ते घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ सहस्रांश सेकंदांत, प्रक्रियक किती फेऱ्या मारतो हे मोजून त्या संख्येला ५५ने भागत. वेगवान प्रक्रियकावर येणारा भागाकार १६ बिटांच्या जागेत मावेनासा झाला आणि खेळ सुरू होण्याआधीच ‘त्रुटी क्रमांक २००’ दाखवून बंद पडू लागला. संगणक दुर्बळ म्हणून नव्हे, तर फार सबळ म्हणून! डॉसबॉक्समध्ये कंट्रोलसह एफ-११ दाबल्यास वेग कमी होतो, एफ-१२ने वाढतो. प्रत्येक खेळाचा मानवणारा वेग शोधून फोल्डरवर लिहून ठेवावा.

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे दुखणे अपरिचित नसेल. लाखो रुपयांच्या सीएनसी यंत्राचे लोखंड दोन-तीन दशके धडधाकट राहते. त्याच्या शेजारचा संगणक मात्र आधीच कालबाह्य होतो. यंत्रात प्रोग्रॅम भरण्याची वाट बहुधा आरएस-२३२ या जुन्या सिरियल पोर्टातून जाते, तर नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. जुना प्रोग्रॅम कोणत्या प्रणालीची, कोणत्या पोर्टाची, कोणत्या वेगाची अपेक्षा करतो, हे एकेक करून ताडून पाहण्याची जी शिस्त खेळ चालविताना लागते, तीच तेथे लागते. खेळ सुरू झाला नाही तर मुलांची एक संध्याकाळ जाते. यंत्र सुरू झाले नाही तर अख्खी पाळी जाते आणि कंत्राटी कामगाराचा दिवसही. म्हणून आम्ही नववीच्या मुलांना हा विषय खेळाच्या निमित्ताने शिकवितो. प्रयोग खेळावर करावेत, चालत्या यंत्रावर नव्हे, हे मात्र बजावून सांगतो.

विंडोज ९५च्या काळातील खेळांची अडचण निराळी. खेळ ३२ बिटांचा, म्हणजे आजही चालण्याजोगा. पण त्याचा स्थापना-प्रोग्रॅम मात्र १६ बिटांचा, असे पुष्कळदा आढळते. दार अरुंद म्हणून आतले सामान निरुपयोगी ठरत नाही. जुन्या संगणकावर बसविलेला खेळ फोल्डरसह उचलून आणल्यास कधी कधी तेवढ्यानेच भागते. काही खेळ आपल्याच फोल्डरात गुण नोंदवितात; नव्या विंडोजमध्ये ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असे लिहिण्यास मज्जाव असल्याने ते डी ड्राइव्हवर बसवावेत. २५६ रंगांचा आग्रह धरणाऱ्या खेळांसाठी फाइलीवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर तशी निवड करता येते. ‘सेफडिस्क’ हे नक्कल-प्रतिबंधक कुलूप असलेल्या सीडी मात्र विंडोज १०पासून अडतात. सुरक्षिततेला धोका म्हणून त्या कुलुपाचा आधारच प्रणालीतून काढला गेला. अशांसाठी आभासी संगणक उभारून त्यात परवान्यासह जुनी विंडोज बसविणे, हा लांबचा पण खात्रीचा मार्ग. त्या आभासी संगणकाला इंटरनेट मात्र जोडू नये.

आता आपल्या कपाटातील मराठी सीडींकडे वळू. त्यांतील बहुतेक खेळ ‘फ्लॅश’मध्ये केलेले आहेत. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१पासून ब्राउझरमधील फ्लॅश चालेनासे झाले. पाढ्यांचे, नकाशांचे, शब्दकोड्यांचे खेळ असे एका रात्रीत मुके झाले. तरीही सारे संपलेले नाही. सीडीत खेळ स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून बांधलेला असेल, तर तो आजही सहसा चालतो. ब्राउझरवर विसंबणारा असेल, तर ‘रफल’ हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरून पाहावा; साध्या जुन्या खेळांना तो चांगला मानवतो. मराठी मजकुराविषयी एक दिलासा आहे. जुन्या फॉन्टांत टंकलेली पत्रे नव्या संगणकावर चिन्हांचा कडबा होऊन दिसतात. पण अक्षरांचे आकार खेळातच गुंफलेले असतील, तर फॉन्ट नसतानाही पाटीवरचे ‘शाबास’ जसेच्या तसे उमटते.

हे सारे करता येते ते मूळ प्रत हाती असेल तरच. ‘प्रिन्स’चे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्याकडूनसुद्धा ॲपल-२साठी लिहिलेला मूळ प्रोग्रॅम हरवला होता. २०१२मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या आणि जाणकारांच्या साह्याने त्या वाचल्या गेल्या. आपल्याकडे घरात लिहिलेल्या सीडी पत्र्याखालच्या माळ्यावर, मराठवाड्याच्या चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात पडलेल्या असतात. ऊन आणि उष्णता त्यांच्यावरील रंगथर खराब करतात. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम ५२नुसार प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास तो नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. ती वाटण्याची वा विकण्याची मुभा त्यात नाही. सीडीतील सुट्या फाइली न उतरविता संपूर्ण सीडीची ‘आयएसओ’ प्रत करावी, कारण काही खेळ सीडीचे नावही तपासतात. विंडोज ८पासून अशा प्रतीवर दोनदा टिचकी मारली की ती सीडीसारखीच उघडते.

माजी विद्यार्थ्यांनी घरातील जुन्या सीडी व फ्लॉपी शाळेत दाखवाव्यात. प्रत करून मूळ वस्तू त्यांच्या त्यांना परत दिल्या जातील. सोबतची पुस्तिका व खोका मात्र रद्दीत घालू नये. ‘प्रिन्स’ला तुरुंगाचा पहिला मजला ओलांडताच अमुक पानावरील अमुक ओळीतल्या शब्दाचे आद्याक्षर विचारले जाते, ते त्या पुस्तिकेतच छापलेले आहे आणि चुकीच्या अक्षराखालची बाटली प्यायल्यास त्याची प्राणशक्ती घटते.