बेअरिंगमध्ये पाणी शिरते कुठून?

प्रश्न : मुलांनी गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणारे वाट्यांचे यंत्र बसवले. उन्हाळ्यात ते साध्या झुळकीवरही फिरायचे. पावसाळा लागला आणि बेअरिंग गंजून अडकले. मग रबरी सीलचे बेअरिंग आणून ते ग्रीसने ठासून भरले. आता सोसाट्याचा वारा असेल तरच वाट्या हलतात. पाणी अडवावे की फिरणे राखावे?

उत्तर : दोन्ही जमते, पण पाणी अडवण्याचे काम बेअरिंगवर टाकू नये. रबरी सीलचा ओठ आतल्या कड्याला घासतो. पाणी तिथे अडते आणि वाट्याही तिथेच अडतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. मंद वाऱ्याला म्हणूनच एवढेसे घर्षणही भारी पडते. घट्ट ग्रीस त्यात भरच घालते.

हाउसिंग चहूबाजूंनी बंद केले की पाणी शिरणार नाही, हा समज अगदी स्वाभाविक आहे. पण दुपारी ४५ अंशांपर्यंत तापलेले हाउसिंग पावसाच्या सरीने २५ अंशांवर आले, तर आतल्या हवेचा दाब सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. हा फरक सुमारे ६० सेंटिमीटर उंचीचे पाणी तोलून धरण्याइतका असतो. दांड्याभोवती साचलेला थेंब मग सीलच्या बारीकशा फटीतूनही आत ओढला जातो. ऊन पडले की हवा फुगून बाहेर निसटते, पाणी मात्र आतच राहते. बंद डबीत गंज चढतो तो असा.

कौलारू छपराची कौले एकमेकांना चिकटवलेली नसतात, तरी घर गळत नाही. उतार आणि एकावर एक आलेल्या कडा पाणी बाहेर टाकतात. इथेही तेच करायचे. वाट्यांच्या खाली, फिरत्या दांड्यालाच एक उपडी टोपी घट्ट बसवा. तिची कड हाउसिंगच्या मानेवरून किमान ३ सेंटिमीटर खाली यावी आणि कुठेही टेकू नये. फट २-३ मिलिमीटर ठेवा. फट जितकी बारीक तितके चांगले, असे वाटेल. पण ओलसर भिंतींमधल्या १ मिलिमीटरच्या फटीत पाणी आपोआप दीड सेंटिमीटरपर्यंत चढू शकते. टोपी दांड्याला जिथे भिडते तो सांधा मात्र पक्का बंद हवा, कारण तिथे काहीच घासत नाही.

हाउसिंगच्या तळाशी ४-५ मिलिमीटरचे भोक पाडा. त्यातून आतबाहेरचा दाब सारखा होतो आणि चुकून शिरलेले पाणीही गळून जाते. भोकावर बारीक जाळी लावायला विसरू नका, नाहीतर कुंभारीण माशी ते मातीने लिंपून टाकील.

सांध्यासाठी सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे टाळा. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते धातूला खाते.

आता बेअरिंगकडे वळू. खेळण्यांत, स्केट्समध्ये असते ते ६०८ क्रमांकाचे (भोक ८, बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर) चालेल. फक्त रबरी सीलऐवजी पत्र्याच्या झाकणाचे, म्हणजे झेडझेड प्रकारचे घ्या. हे झाकण आतल्या कड्याला टेकत नाही. साध्या बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास असते, तर स्टेनलेस म्हणवण्यासाठी निदान साडेदहा टक्के लागते. परवडत असेल तर स्टेनलेसच घ्या. समुद्राकाठी राहत असाल तर खारी हवा त्यालाही हळूहळू डागते, तेव्हा दर पावसाळ्याआधी बेअरिंग काढून धुवा, पूर्ण वाळवा आणि पातळ यंत्रतेलाचे एक-दोन थेंब सोडा.