रोहिणीचे पाणी, चवदार तळे आणि संवाद

वर्षावासात आपल्या विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. पहिल्या खंडात शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचे प्रकरण आहे. गृहत्यागाचे कारण म्हणून ते वाचले जाते आणि आपण पुढे सरकतो. विद्यार्थ्यांनी हे प्रकरण थांबून वाचावे, असे मला वाटते. दुभंगलेल्या समाजाने एकमेकांशी बोलावे कसे, याचा तो पहिला पाठ आहे. आपला चांदवड तालुका अवर्षणप्रवण. पाण्यावरून माणसे कशी तुटतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. 28 वर्षांच्या सिद्धार्थाने त्याला विरोध केला. त्याचे पहिले म्हणणे असे की, आपल्या माणसांनीही आगळीक केल्याचे कानावर आले आहे, तेव्हा आधी चौकशी व्हावी. भर सभेत आपल्याच बाजूचा दोष बोलून दाखवणे सोपे नसते. नंतर त्याने सुचवले, शाक्यांनी दोन व कोलियांनी दोन माणसे निवडावीत, चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली आणि सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

पुढचा भाग फार जण विसरतात. तो गेल्यावर शाक्यांमध्येच युद्धाविरुद्ध चळवळ उभी राहिली. कोलिय आपले भाऊ आहेत, असे फलक घेऊन मिरवणुका निघाल्या. अखेर दोन्हीकडचे पाच-पाच प्रतिनिधी एकत्र बसले आणि कायमचे लवादमंडळ ठरले. तरीही सिद्धार्थ परतला नाही. राष्ट्रांमधले भांडण प्रासंगिक असते, वर्गांमधले मात्र नित्याचे असते व दुःखाचे मूळ तेथे आहे, असे त्याला दिसले.

हा फरक महत्त्वाचा आहे. शाक्य आणि कोलिय बरोबरीचे होते, बसायला सतरंजी एकच होती. जेथे एक सतरंजीवर आणि दुसरा पायरीखाली असतो, तेथे 'सामंजस्याने घ्या' या सल्ल्याचा अर्थ बहुधा 'गप्प बसा' एवढाच होतो.

महाडला हेच दिसले. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव संमत झाला आणि 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदोपत्री खुले केले. प्रत्यक्षात 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा ते खुले झाले. लगेच अफवा पसरली की, हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार. खरे-खोटे न पाहता जमावाने परिषदेला आलेल्यांना मारले. आज अशी अफवा मोबाईलवरून क्षणात तालुकाभर जाते, एवढाच बदल. बाबासाहेबांनी रस्त्यात भेटलेल्या जमावाला शांतपणे सांगितले की, मंदिरप्रवेशाचा आमचा विचार नाही. आणि चिडलेल्या आपल्या माणसांनाही आवरले.

त्याच वर्षी केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला. अट एकच होती, त्यात ब्राह्मण नसावेत. बाबासाहेबांनी ती मानली नाही. वैर माणसांशी नाही, उच्चनीचतेच्या भावनेशी आहे, अशी त्यांची भूमिका होती. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने.

संवादालाही मर्यादा असते. नाशिकला काळाराम मंदिराचे दार 1930 पासून वर्षानुवर्षे ठोठावूनही उघडले नाही, तेव्हा शेजारच्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 ची घोषणा झाली. समोरचा ऐकायलाच तयार नसेल तर उठून जाणे हेही एक उत्तरच आहे.

अस्पृश्यताविरोधी कायदा 1955 मध्ये आला, पण पाणवठे वेगळेच राहिले. म्हणून 1970 च्या दशकात डॉ. बाबा आढाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढली. गावोगाव जाऊन पाणवठ्यांची पाहणी केली, लोकांशी बोलले. आमच्या बँकेच्या रांगेत सर्व वस्त्यांची माणसे एकामागोमाग उभी राहतात, एकमेकांकडे पेन मागतात. पेन परत दिले की बोलणे संपते. याला संवाद म्हणता येत नाही. त्यासाठी कोणाला तरी मुद्दाम दुसऱ्याच्या दारी जावे लागते.

विद्यार्थी मित्रांनी या सुट्टीत एवढे करून पाहावे. गावातील जुन्या माणसांना विचारावे, पूर्वी कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरत असे? मध्ये न बोलता उत्तर लिहून घ्यावे. ज्यांच्या हंड्यात वरून पाणी ओतले जाई त्यांच्या घरी जावे, आणि जे ओतत असत त्यांच्याही घरी जावे. दुसऱ्या घरी 'आपल्या गावात असे काही नव्हते' हे उत्तर आधी येईल. चहा होईपर्यंत बसून राहावे.