पडवीतला कॉम्प्रेसर : हवा भरण्याआधी शिकायच्या गोष्टी



दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडचे पाडे ओस पडू लागतात. वीटभट्टीची उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-वसईकडे निघतात. त्यातला एखादा तरुण पंक्चर काढायला किंवा स्प्रेने रंग मारायला शिकला आणि घराच्या पडवीत एक कॉम्प्रेसर बसवू शकला, तर त्याला घरीच काम मिळू शकते. मुलांची शाळाही सुटत नाही. म्हणून या पाठात कॉम्प्रेसर घरी कसा बसवावा आणि कसा सांभाळावा, ते पाहू.

कोंडलेल्या हवेची ताकद

हवा दिसत नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही. पण हिशेब करून पाहा. १२ इंच व्यासाच्या टाकीचे एका बाजूचे झाकण सुमारे ११३ चौरस इंचांचे असते. टाकीत १२० पीएसआय दाब असेल, तर दर चौरस इंचावर १२० पौंड जोर पडतो. ११३ गुणिले १२० म्हणजे १३,५६० पौंड, किलोच्या हिशेबाने सहा टनांहून जास्त. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा भार त्या एका झाकणाने पेललेला असतो. पुढचे सगळे नियम या एका हिशेबातून आले आहेत.

जागा आणि वीज

पंक्चरच्या कामाला २ एचपी मोटर आणि ५० लिटरची टाकी सुरुवातीला पुरते. जागा सपाट, कोरडी आणि वारा खेळता असावी. चुलीचा धूर आणि भाताचा कोंडा यांपासून ती दूर हवी. पट्ट्यावरची जाळी कधीही काढून ठेवू नका. घरात लहान मुले असतात.

२ एचपी म्हणजे सुमारे दीड किलोवॅट, आणि सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट वीज ओढते. म्हणून १६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग घ्या. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. व्होल्टेज कमी असेल तर मोटर नुसती घुमते, फिरत नाही. अशा वेळी लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. काम लांब असेल तर विजेची वायर वाढवू नका, हवेची नळी वाढवा. लांब वायरीत व्होल्टेज आणखी पडते.

रंगकाम करताना कॉम्प्रेसर जवळ ठेवू नका. थिनरच्या वाफेला स्विचची एक ठिणगीही पुरते.

नळी आणि फिटिंग

जोडणीचा क्रम असा ठेवा : टाकीच्या तोंडाला बॉल व्हॉल्व्ह, मग फिल्टर-रेग्युलेटर, मग क्विक कपलर, मग नळी आणि शेवटी गन.

आपल्याकडे बहुतेक फिटिंग पाव इंची, म्हणजे दोन सुती, बीएसपी आट्यांची असतात. त्यात इंचाला १९ आटे येतात. एनपीटी नावाचे दुसरे माप दिसायला तसेच असते, पण त्यात १८ आटे असतात. दोन्ही एकमेकांत थोडे फिरतात, अडकतात आणि गळत राहतात. म्हणून दुकानात जाताना जुने फिटिंग खिशात न्या.

टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने तीन-चार वेढे गुंडाळा. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे तुकडे आत जाणार नाहीत. पितळी फिटिंगला पान्याने फार जोर लावला तर ते तडकते.

नळीवर छापलेला दाब टाकीच्या जास्तीत जास्त दाबापेक्षा अधिक हवा. पाण्याचा पांढरा पीव्हीसी पाइप स्वस्त मिळतो, पण हवेसाठी तो मुळीच वापरू नका. तो फुटला की त्याचे धारदार तुकडे गोळीसारखे उडतात.

जोडणी झाली की टाकी भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला तर तिथे गळती आहे. दुरुस्तीआधी मोटर बंद करा, प्लग काढा आणि टाकीतला दाब पूर्ण सोडा.

टाकीतले पाणी

आपल्याकडच्या पावसाळ्यात हवा ओलीच असते. ती दाबली आणि गार झाली की तिच्यातले पाणी टाकीच्या तळाशी साचते. ते रोज काढले नाही, तर टाकी आतून गंजते आणि पत्रा पातळ होत जातो. बाहेरचा रंग मात्र तसाच चकचकीत राहतो.

गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर जुना घेतलेला कॉम्प्रेसर पाहिला. रंग नवा कोरा. खालचा ड्रेन कॉक उघडला तर तांबडे पाणी आणि गंजाची पापडी बाहेर आली. वर पाहिले तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट घट्ट बसवलेला! दुकानदार पोरगा म्हणाला, “दादा, तो व्हॉल्व्ह सारखी हवा सोडायचा, म्हणून बंद केला.”

व्हॉल्व्ह बरोबरच होता. प्रेशर स्विच अडकला होता, त्यामुळे दाब ठरलेल्या आकड्यावर थांबत नव्हता. जादा हवा सोडून व्हॉल्व्ह त्याचा जीव वाचवत होता आणि त्याने तोच काढून टाकला होता. शेजारी त्याची चार वर्षांची मुलगी जुन्या ट्यूबशी खेळत होती. त्याच दिवशी मशीन बंद केले. नवी टाकी, स्विच आणि व्हॉल्व्ह घेईपर्यंत त्याची काही दिवसांची कमाई बुडाली. दुकान आज चालू आहे.

गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावू नका. ती भंगारातच द्या.

रोजचा नेम

सकाळी तेलाची काच पाहा. तेल खुणेपर्यंत हवे. सुरू केल्यावर काटा ठरलेल्या दाबावर थांबतो का, ते पाहा. थांबला नाही तर लगेच बंद करा. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून पाहा. टायरमध्ये गाडीच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच हवा भरा. हवेने अंगावरची धूळ उडवू नका. ती जखमेतून कातडीखाली शिरू शकते, डोळाही जाऊ शकतो. संध्याकाळी प्लग काढा, दाब उतरवा आणि ड्रेन कॉक उघडून पाणी सोडा.

स्वतःला विचारा

१. माझ्या कॉम्प्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे? तो कंपनीचाच आहे का?
२. टाकीतले पाणी मी शेवटचे कधी काढले?
३. माझ्या नळीवर किती दाब छापलेला आहे?
४. मी नसताना मशीन कसे बंद करायचे, हे घरात आणखी कोणाला येते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाच नाही’ असेल, तर आज संध्याकाळीच घरच्यांना स्विच दाखवून ठेवा.