आवाजाचा माग

यंत्र बिघडू लागले म्हणजे ते बहुधा एकाएकी बंद पडत नाही. प्रथम त्याचा आवाज बदलतो. ज्याला त्या यंत्राची रोजची सवय आहे, त्याच्या कानाला हा बदल तत्काळ खटकतो. परंतु तो आवाज नेमका कोठून येतो, हे सांगणे मात्र सोपे नसते. लोखंडाच्या सांगाड्यातून आवाज सहज दूरवर जातो. मागच्या चाकाजवळ बसलेला ठोका फटफटीवर बसलेल्या माणसाला पायाखालच्या इंजिनातच बसल्यासारखा वाटतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वृद्ध मिस्त्रींचे फटफट्या दुरुस्त करण्याचे दुकान होते. एके दिवशी सकाळी एक दूधवाले गृहस्थ आपली जुनी बुलेट तेथे घेऊन आले. गाडी 1985 साली घेतलेली, इंजिन आणि गिअरपेटी वेगवेगळी असलेली, जुन्या घडणीची होती. रोज पहाटे दुधाचे चार कॅन लादून ती गावाहून शहरात येई. गेले आठ दिवस गाडी सावकाश चालू लागली की खालून ‘खडाक्’ असा आवाज येत होता. दुसऱ्या एका कारागिराने तो ऐकून सांगितले होते, की इंजिनातील दट्ट्याच्या दांड्याचे बेअरिंग गेले असून सारे इंजिन उघडावे लागेल. त्या खर्चासाठी एक म्हैस विकावी, असा विचार त्या गृहस्थांच्या मनात घोळत होता.

“मिस्त्री, इंजिन कधी उघडता?” त्यांनी विचारले.

“पाव्हणं, इंजिन उघडायचं मागाहून बघू. आधी आवाज कधी येतो, ते सांगा,” मिस्त्री म्हणाले.

गाडी उभी असताना येतो का? गिअर बदलताना येतो का? ब्रेक दाबल्यावर येतो का? प्रश्नामागून प्रश्न निघाले. दूधवाल्यांना त्यांतील एकाचेच उत्तर निश्चित देता आले : गाडी उभी असताना आवाज येत नाही.

मिस्त्रींनी गाडी उभी करून इंजिन चालू केले. एका लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यांनी इंजिनाच्या कवचावर टेकवले आणि मूठ कानाशी धरली. घन पदार्थातून आवाज स्पष्ट ऐकू येतो. डॉक्टरांची नळी छातीवर जे काम करते, तेच काम येथे हे हत्यार करते. आत झडपांची बारीक, नियमित टिकटिक तेवढी ऐकू आली. दांड्याचे बेअरिंग झिजले असते, तर इंजिनाचा वेग वाढविताच जड ठोके पडू लागले असते, आणि त्यांची गतीही इंजिनाबरोबर वाढली असती. तसे काही झाले नाही.

तरीही ओझे नसताना दोष लपून राहतो, हे मिस्त्री जाणून होते. दुकानापुढचा रस्ता उताराचा होता. तेथे त्यांनी इंजिन बंद केले, क्लच दाबला आणि गाडी आपल्या वजनाने सावकाश खाली जाऊ दिली. ‘खडाक्!’ आवाज आलाच. इंजिन तर मुळीच फिरत नव्हते! दोष इंजिनात नव्हता, हे एवढ्यावरून सिद्ध झाले. म्हैस वाचली, असे दूधवाल्यांना त्या क्षणीच वाटले असावे.

मग पुढचा ब्रेक घट्ट धरून गाडी मागेपुढे हलवून पाहिली. हँडलाखालचे छर्रे सैल झाले असते, तर तेथे ठोका जाणवला असता. तो जाणवला नाही.

आता मिस्त्रींनी मागच्या टायरवर खडूने एक रेघ ओढली. गाडी पुन्हा उतारावरून सोडली, आणि शेजारून चालत ते चाकाच्या फेऱ्या मोजू लागले. चाकातच दोष असता, तर प्रत्येक फेरीला आवाज आला असता. परंतु चाकाच्या अडीच फेऱ्यांहून थोडे अधिक अंतर गेले, की एक ‘खडाक्’ येई. मिस्त्री हसले. मागच्या दातेरी चक्राला 38 दाते होते आणि साखळीला शंभर कड्या. शंभर कड्यांची साखळी एकदा पुरती फिरते, तोवर चाकाच्या अडीचहून थोड्या अधिक फेऱ्या होतात. हिशेब जुळला. आवाज साखळीचा होता.

गाडी मधल्या स्टँडवर चढवून, इंजिन बंद ठेवूनच त्यांनी चाक हाताने हळूहळू फिरविले. (फिरत्या इंजिनावर ही तपासणी कोणी करू नये, साखळी आणि दाते यांत सापडलेले बोट तुटते.) खालच्या बाजूने साखळी सरळ लोंबावयास हवी होती, पण एका ठिकाणी तीन कड्या कुबड काढून तशाच राहिल्या. रोज कॅन धुताना पाणी साखळीवर पडे, वंगण धुऊन जाई. त्यामुळे तेथे गंज चढून कड्या वळेनाशा झाल्या होत्या. पुढच्या लहान चक्रावर येताच त्या दातावर चढत आणि झटक्याने खाली बसत.

“असंच चालवलं असतं तर?” दूधवाल्यांनी विचारले.

“कधीतरी साखळी तुटली असती. ती पुढच्या चक्रापाशी गोळा झाली, तर मागचं चाक एकदम जाम होतं,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “अंगावर चार कॅन आणि मागून ट्रक!”

दूधवाले काही बोलले नाहीत.

पुढचे चक्र क्लचच्या मागे दडलेले असल्याने डावे झाकण उघडावे लागले. त्याचे दाते आकड्यासारखे वाकले होते. झिजलेल्या दातांवर नवी साखळीही लवकर झिजते, म्हणून मिस्त्रींनी ते चक्र आणि साखळी दोन्ही बदलली. मागच्या मोठ्या चक्राचे दाते सरळ होते. ते त्यांनी तसेच ठेवले.

दुपारी त्यांनी जुनी आणि नवी साखळी फरशीवर शेजारी शेजारी ताणून ठेवली. दोन्हींच्या कड्या सारख्याच, शंभर. तरी जुनी साखळी चांगली इंचभर अधिक लांब भरली. प्रत्येक कडीची खीळ केसाएवढी झिजली होती. दूधवाले खाली वाकून कितीतरी वेळ तो इंचभर फरक पाहत राहिले. मग त्यांनी वंगणाचा एक डबा मागून घेतला.