गिटमध्ये फाइली टाकण्याआधी तारखा उतरवून घ्या

आमच्या मोडीवाल्या मंडळात बहुतेक जण निवृत्त. कुणी पोस्टातून, कुणी शाळेतून, एक तहसील कचेरीतून. जुन्या घराण्यांचे कागद स्कॅन करायचे, मोडी मजकूर बाळबोधीत उतरवायचा आणि फाइल मंडळाच्या संगणकावर ठेवायची, असं काम वर्षानुवर्षं चाललेलं. वाचन सुधारलं की जुनी फाइल कुणी पुसत नसे, शेजारी नवी ठेवत. त्यामुळे एकेका पत्राच्या चार-चार फाइली: 'अंतिम', 'अंतिम नवे', 'अंतिम खरे' आणि एकीचं नाव चक्क 'हेच घ्यावे'. यातली शेवटची कोणती, हे नावावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण फोल्डर उघडलं की नावासमोर फाइल बदलल्याची तारीख दिसे आणि तेवढ्यावर सगळं निभावत असे. वेगळी नोंदवही ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

संगणक जुना झाला, कुरकुरू लागला. मंडळात हौसेने येणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने सगळा साठा गिटमध्ये टाकला, सर्व्हरवर चढवला आणि नव्या लॅपटॉपवर क्लोन करून दाखवला. सगळ्या फाइली जागच्या जागी, एक काना-मात्रा हललेली नाही. जुनी हार्ड डिस्क पुसून तो संगणक एका शाळेला देऊनही टाकला. पुढे एका पत्रातल्या गावाच्या नावावरून दोघा ज्येष्ठांचं वाजलं, म्हणून शेवटचं वाचन कोणतं ते बघायला फोल्डर उघडलं. चारही फाइलींसमोर एकच तारीख, एकच मिनिट. बाकीच्या सगळ्या फाइलींसमोरही तेच. मग मला बोलावणं आलं: "तू कॉम्प्युटरमधला ना, बघ जरा."

त्या मुलाने काही वावगं केलं नव्हतं. गिट असंच वागतं, आणि जाणूनबुजून वागतं. फाइलचा मजकूर, तिचं नाव, ती चालवता येण्याजोगी आहे की नाही, एवढंच गिट फाइलबद्दल जपतं. कमिट करताना त्यावर कोणी आणि केव्हा केलं ते लिहितं, पण ती वेळ कमिटची असते. डिस्कवर ती फाइल शेवटची कधी बदलली, याला गिटच्या साठ्यात रकानाच नाही. क्लोन केलं की प्रत्येक फाइल नव्या डिस्कवर नव्याने लिहिली जाते, आणि लिहिल्याक्षणीची वेळ तिला ऑपरेटिंग सिस्टिम चिकटवते.

हा हट्ट कशासाठी, हे मंडळाला पटवायला मला थोडं मागे जावं लागलं. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं साधन लिहिलं. मोठा प्रोग्रॅम शेकडो फाइलींचा असतो. एक ओळ बदलली म्हणून सगळा पुन्हा कंपाइल करणं परवडत नाही. मेकची युक्ती साधी आहे. मूळ फाइलची वेळ आणि तिच्यापासून बनलेल्या फाइलची वेळ ताडून पाहायची. मूळ नवीन असेल तरच काम करायचं. आता समजा, तुम्ही दुपारी प्रोग्रॅम कंपाइल केलात आणि मग गिटमध्ये जुन्या ब्रँचवर गेलात. तिथे एका फाइलचा मजकूर वेगळा आहे आणि ती गेल्या महिन्यात बदललेली आहे. गिटने इमानदारीने गेल्या महिन्याची वेळ लावली असती, तर मेक म्हणालं असतं, ही तर जुनी फाइल, हिला हात लावायला नको. मजकूर एका ब्रँचचा, प्रोग्रॅम दुसऱ्या ब्रँचचा, आणि चूक शोधणारा रात्रभर डोकं धरून बसलेला. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी, आणि कर्नल मेकवरच बांधला जातो. तिथे खोटी पण ताजी वेळ ही खऱ्या पण जुन्या वेळेपेक्षा हजारपट सुरक्षित. मला गिटचा निर्णय बरोबरच वाटतो. सबव्हर्जनमध्ये फाइलीला तिच्या शेवटच्या कमिटची वेळ लावायची सोय आहे, पण तीही मुद्दाम सुरू करावी लागते.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्या: बदलल्याची वेळ फाइलीच्या आत नसते, ती डिस्कच्या खात्यात असते. फाइल दुसऱ्या खात्यात गेली की कोण घेऊन गेलं यावर ती टिकेल की नाही हे ठरतं. विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं तर बदलल्याची तारीख टिकते, मात्र तयार झाल्याची तारीख आजची होते. म्हणून कधीकधी फाइल जन्माआधीच बदललेली दिसते. लिनक्सवर नुसतं 'सीपी' वेळ पुसतं, त्याला 'पी'चा पर्याय द्यावा लागतो. 'टार' वेळ जपतं. 'झिप'ही जपतं, पण त्याच्या मूळ रचनेत दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि टाइम झोनशिवाय. आमच्या एका सभासदांच्या न्यू जर्सीतल्या मुलीकडे अशी एक झिप होती. ती उघडल्यावर तिच्या घड्याळाप्रमाणे लागलेल्या वेळा आमच्याशी ताडून पाहताना साडेनऊ-साडेदहा तासांचा घोळ झालाच.

तर आमच्या तारखा परत कशा मिळवल्या? विद्यार्थ्याने आधी इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट शोधून आणली. अशी साधनं आहेत आणि चांगली आहेत. डेबियनमध्ये 'गिट-रिस्टोर-एमटाइम' नावाचं पॅकेजच मिळतं. ते प्रत्येक फाइल शेवटच्या कोणत्या कमिटमध्ये बदलली ते पाहून त्या कमिटची वेळ फाइलीला लावतं. पण आमचा सगळा साठा एकाच कमिटमध्ये घुसलेला. त्यामुळे त्या साधनाने सगळ्या फाइलींना एका मिनिटाऐवजी दुसरं एक मिनिट दिलं, इतकंच. ज्या घरात तारीख कधी आलीच नाही तिथून ती बाहेर काढणार कशी?

खरा उपयोग झाला तो फाइलींच्या पोटात पाहण्याचा. वर्डची डॉकएक्स फाइल ही मुळात एक झिप असते. तिच्या आत शेवटचं सेव्ह केल्याची वेळ आणि करणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. लिब्रेऑफिसच्या फाइलींतही तसंच. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंत एक्झिफची नोंद सापडते. साध्या टेक्स्ट फाइलीत मात्र मजकुराखेरीज काहीच नाही, आणि श्रीलिपीतून युनिकोडमध्ये बदललेल्या फाइलींची मूळ तारीख तर गिटच्या कितीतरी आधी, त्या रूपांतराच्या दिवशीच गेली होती.

टेक्स्ट फाइलींसाठी आम्ही सभासदांचे ईमेल उपसले. 'सर, सुधारून पाठवतो आहे' अशा पत्रांना जोडलेल्या फाइली उतरवल्या. उतरवलेल्या फाइलीवर आजचीच वेळ येते, तिचा भरवसा नाही. पण ईमेलची तारीख पक्की. गिट प्रत्येक मजकुराचा हॅश काढतं. जोडलेल्या फाइलीचा हॅश आणि साठ्यातल्या फाइलीचा हॅश तंतोतंत जुळला, तर नावं काहीही असोत, मजकूर तोच. म्हणजे त्या तारखेला तो मजकूर अस्तित्वात होता, एवढं ठामपणे म्हणता येतं. कधी लिहिला ते नाही, पण 'या तारखेच्या आधी' एवढं तरी.

तुमच्यावर ही उपसाउपशी येऊ नये असं वाटत असेल तर गिटमध्ये पहिली फाइल टाकण्याआधी एक यादी बनवा: फाइलचं नाव, बदलल्याची वेळ टाइम झोनसह, आणि हॅश. लिनक्सवर 'फाइंड' आणि 'स्टॅट' हे काम चुटकीसरशी करतात, विंडोजवर पॉवरशेल करतं. ही यादी साधी टेक्स्ट फाइल म्हणून साठ्यातच कमिट करा. पुढे कधी वेळा परत लावाव्याशा वाटल्या तर 'टच' या यादीवरून लावून देईल, आणि नाही लावल्या तरी तारीख वाचता येईल.

वेळ हाताशी असेल तर याहून चांगला मार्ग आहे. सगळं एका घासात न टाकता फाइली जुन्याकडून नव्याकडे, एकेक करून कमिट करा. गिटला लेखकाची आणि कमिटची तारीख बाहेरून देता येते, ती फाइलीच्या तारखेवरून द्या. 'अंतिम', 'अंतिम नवे' आणि 'अंतिम खरे' या तीन फाइली मग एकाच नावाखाली एकामागोमाग आलेल्या तीन आवृत्त्या होतात, आणि कुठला शब्द कधी बदलला ते गिट स्वतःच दाखवतं. कमिटच्या संदेशात मात्र 'तारीख डिस्कवरून घेतली' असं स्पष्ट लिहा. नाहीतर दहा वर्षांनी कुणाला वाटेल की आमच्या निवृत्त मास्तरांना तेव्हापासून गिट येत होतं.

चेकआउट झालं की आपोआप जुन्या वेळा लावणारे हूकही लोक लिहितात. निव्वळ कागदपत्रांच्या साठ्यात चालेल. जिथे काही कंपाइल होतं तिथे लावू नका. मेकची गोष्ट वर सांगितलीच आहे.

वेबसाइट चालवणाऱ्यांना हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. एनजिनेक्स हा वेब सर्व्हर फाइलची वेळ आणि आकार यांवरून तिची ओळखखूण, म्हणजे ईटॅग, बनवतो. दोन सर्व्हरवर वेगवेगळ्या वेळी क्लोन केलं की त्याच चित्राला दोन ईटॅग, आणि ब्राउझर बिचारा तेच चित्र पुन्हा उतरवतो. आरसिंकही वेळ आणि आकार पाहूनच फाइल वगळायची की नाही ते ठरवतं, त्यामुळे ताज्या क्लोनवरून पाठवताना त्याला न बदललेल्या फाइलीही तपासाव्या लागतात. इथे कमिटची वेळ लावणारी साधनं खरोखर कामाची आहेत. फक्त इतिहास पूर्ण उतरवा. शेवटचंच कमिट घेऊन येणारा उथळ क्लोन असेल तर सगळ्या फाइलींना त्या एकाच कमिटची वेळ मिळते.

आमच्या यादीत आता तारखेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे: तारीख कशावरून. 'वर्ड फाइलीतून', 'ईमेलवरून, या दिवसापर्यंत', 'अज्ञात'. अज्ञात बऱ्याच आहेत. गावाच्या नावाचा वाद ज्या पत्रावरून झाला त्याच्या चार फाइलींपैकी दोघींचं नातं ईमेलवरून लागलं, उरलेल्या दोन अज्ञातच राहिल्या. दोघा ज्येष्ठांनी शेवटी मूळ कागदाचा स्कॅन मोठा करून पुन्हा वाचायला घेतला आहे.