नाव एक, नोंदी अनेक : संकेतस्थळ आणि ई-टपाल यांच्या नोंदींविषयीचे गैरसमज

शासकीय कार्यालये, पंचायती, सहकारी संस्था व शाळा यांना स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ आणि त्याच नावाचा ई-टपालाचा पत्ता असणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. निविदेचा खुलासा, प्रवेशाचे अर्ज, माहितीच्या अधिकाराखालील पत्रव्यवहार, अनुदानाच्या प्रस्तावातील त्रुटींची पत्रे अशा मुदतीच्या गोष्टी याच पत्त्यावर येतात. आणि तरीही संकेतस्थळ नवे झाले त्याच आठवड्यात ई-टपाल बंद पडले, ही तक्रार वारंवार ऐकू येते. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. नाव, संकेतस्थळ आणि टपाल या तीन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरून कारभार केला जातो, हे या तक्रारीचे मूळ होय.

अशी कल्पना करावी की, तालुक्याच्या गावी एक शिक्षण संस्था आहे. तिचे डोमेन नाव एका कंपनीकडे नोंदलेले आहे व ई-टपालाची सेवा दुसऱ्या कंपनीची आहे. संकेतस्थळ जुने झाले म्हणून ते नव्याने करण्याचे काम एका ठेकेदारास दिले गेले. ठेकेदाराने ‘नेमसर्व्हर बदलून द्या’ एवढेच सांगितले आणि लिपिकाने सांगितल्याप्रमाणे दोन ओळी बदलल्या. दुसऱ्या दिवशी नवे संकेतस्थळ दिसू लागले, त्याचे उद्घाटनही झाले. पत्रे मात्र येईनाशी झाली. कित्येक दिवस ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. कारण न आलेले पत्र डोळ्यांना दिसत नसते.

नेमके काय घडले हे समजण्यासाठी गावच्या दप्तराकडे पाहणे सोयीचे ठरेल. अमुक गावाचे दप्तर कोणत्या तलाठ्याकडे आहे, एवढेच तालुक्यास ठाऊक असले तरी पुरते. प्रत्येक गटाची नोंद तालुक्यास पाठ असावी लागत नाही. डोमेन नावांची रचना याच धर्तीची आहे. डॉट इन या अंत्यपदाची मुख्य नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया (निक्सी) या संस्थेकडे आहे. तीत एखाद्या नावापुढे एवढेच लिहिलेले असते की, या नावाचे दप्तर अमुक नेमसर्व्हरकडे आहे. संकेतस्थळ कोणत्या संगणकावर आहे, टपाल कोठे पोचवावयाचे, हा तपशील त्या नेमसर्व्हरच्या दप्तरात असतो. संकेतस्थळाचा अंकात्मक पत्ता ‘ए’ नोंदीत असतो, तर टपाल स्वीकारणाऱ्या संगणकाचे नाव ‘एमएक्स’ नोंदीत असते. या दोन नोंदींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. संकेतस्थळ एका शहरात व टपालाचा संगणक दुसऱ्याच देशात असला तरी व्यवहारात अडचण येत नाही.

वरील संस्थेला केवळ ‘ए’ नोंद बदलून हवी होती. लिपिकाने मात्र तलाठीच बदलला. नव्या तलाठ्याच्या कोऱ्या दप्तरात ठेकेदाराने संकेतस्थळाची नोंद केली; टपालाची नोंद करण्यास त्यास कोणी सांगितलेले नव्हते व ती पूर्वी होती हेही त्यास माहीत नव्हते. जुन्या दप्तरातील नोंदी आपोआप नव्या दप्तरात येतात हा समज सर्वत्र आढळतो, आणि नुकसानही त्यानेच सर्वाधिक होते.

पुढील परिणाम तर अधिकच फसवा असतो. एमएक्स नोंद नसेल तर टपाल ‘ए’ नोंदीतील संगणकाकडे न्यावे, असा इंटरनेटवरील टपालाचा नियम आहे. त्यानुसार पत्रे संकेतस्थळाच्या संगणकाच्या दारी जातात. तो संगणक टपाल घेतच नसेल, तर पाठविणाऱ्याची यंत्रणा पत्र राखून ठेवते, पुनःपुन्हा प्रयत्न करते व सामान्यतः चार-पाच दिवसांनी ते परत करते. टपाल घेत असेल पण त्यावर संस्थेच्या नावाच्या पेट्या नसतील, तर ‘असा कोणी येथे नाही’ या शेऱ्यानिशी पत्र तत्काळ परत जाते. निदान पाठविणाऱ्यास तरी कळते. सर्वांत वाईट प्रकार तिसरा. संकेतस्थळाचा संगणक आपणच या नावाचे टपाल-केंद्र आहोत असे समजत असेल, तर संकेतस्थळावरील तक्रार-अर्ज भरून नागरिकाने पाठविलेला मजकूर बाहेर जातच नाही. एमएक्स नोंद अगदी बिनचूक असली तरीही नाही. तो त्याच संगणकातील, कधीही न उघडल्या जाणाऱ्या पेटीत पडून राहतो. नागरिकास ‘आपला अर्ज मिळाला’ असे दिसते, कार्यालयास काहीच दिसत नाही. हे टाळण्यासाठी त्या संगणकाच्या व्यवस्थेत ‘या नावाचे टपाल बाहेर स्वीकारले जाते’ असे वेगळे नमूद करावे लागते.

टपाल आणि यंत्र यांची ही फारकत अकारण केलेली नाही. आरंभीच्या काळात जोडलेल्या सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय या संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले तशी एका यादीवर भागेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी विकेंद्रित दप्तरांची ही रचना मांडली व १९८७ मध्ये तिचा सुधारित आराखडा प्रसिद्ध झाला. तोच पायाभूत मानला जातो. मूळ आराखड्यात टपालासाठी दोन निराळ्या नोंदी होत्या. त्यांच्या जागी जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांच्या टिपणाने एमएक्स ही एकच नोंद व तिच्या वापराचे नियम घालून दिले. त्या काळी अनेक संगणक इंटरनेटशी थेट जोडलेले नव्हते; त्यांचे टपाल दुसऱ्याने स्वीकारणे भाग होते. एमएक्स नोंदीतील प्राधान्याचा अंक तेव्हापासूनचा आहे. येथेही एक गंमत होते. मोठा अंक म्हणजे मोठा मान असे समजून मुख्य यंत्रास ५० व राखीव यंत्रास १० असे अंक दिले जातात. वस्तुतः लहान अंकास अग्रक्रम असतो.

अठ्ठेचाळीस तासांची समजूत

नोंद बदलल्यावर ‘ती जगभर पसरण्यास २४ ते ४८ तास लागतात’ असे सरसकट सांगितले जाते. हे विधान पूर्णतः खोटे नाही, परंतु त्यातील कल्पना चुकीची आहे. नोंद कोठेही पसरत नसते. घडते ते सातबाराच्या उताऱ्याप्रमाणे. मूळ दप्तरात फेरफार आजच मंजूर झाला तरी ज्याने काल उतारा काढला त्याच्या हाती जुनेच नाव राहते. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांचे पत्ता शोधून देणारे संगणक अशाच प्रती जवळ बाळगतात. प्रत किती काळ ग्राह्य धरावी हे मूळ नोंदीतच सेकंदांत लिहिलेले असते. ८६,४०० म्हणजे एक दिवस, ३,६०० म्हणजे एक तास. डॉट कॉमच्या मुख्य नोंदवहीत नेमसर्व्हरच्या नोंदीची मुदत १,७२,८०० सेकंद आहे. अठ्ठेचाळीस तासांची समजूत तीस धरूनच आहे.

हे एकदा समजले की कामाचा क्रम आपोआप ठरतो. टपालाची सेवा बदलावयाची असल्यास जुन्या नोंदीची मुदत आधी ३०० सेकंदांवर आणावी, पूर्वीची मुदत संपेपर्यंत थांबावे आणि नंतर नोंद बदलावी. मुदत आणि नोंद एकाच वेळी बदलणे निरुपयोगी होय, कारण लोकांच्या हातातील उताऱ्यावर जुनीच मुदत छापलेली असते. जुनी पेटीही काही दिवस चालू ठेवून रोज पाहिली पाहिजे. उलटपक्षी, ‘नाही’ या उत्तराचीही प्रत ठेवली जाते. नवी नोंद करण्यापूर्वीच कोणी ते नाव शोधून पाहिले, तर ‘असे नाव नाही’ हे उत्तर काही काळ त्याच्या वाट्यास येत राहते, आणि उतावीळ माणूस तेवढ्यात बिनचूक नोंद खोडून दुसरी करतो.

मात्र दोन दिवस उलटूनही काही बदलत नसेल तर आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही. अशा वेळी बहुधा नोंद भलत्याच दप्तरात झालेली असते. नाव विकणाऱ्या कंपनीच्या पानावर नोंदी भरण्याची सोय असते म्हणून तेथे नोंद केली जाते. पण नेमसर्व्हर दुसरीकडचे असतील तर ती नोंद जगात कोणीही वाचत नाही. दुसऱ्या सजाच्या तलाठ्याकडे फेरफार घातल्यासारखेच ते आहे.

काही नोंदींच्या खाचाखोचा

एमएक्स नोंदीत संगणकाचे नाव लिहावयाचे असते, अंकात्मक पत्ता नव्हे. ते नाव स्वतः ‘सीनेम’ म्हणजे टोपणनावाच्या स्वरूपाचेही असू नये. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या उपनावास टोपणनाव देणे योग्य आहे, परंतु मूळ नावासच ते दिले तर त्या नावाची दुसरी कोणतीही नोंद नियमाने राहू शकत नाही. म्हणजे टपालाची नोंदही बाद होते. काही सेवा कंपन्यांनी यावर स्वतःची युक्ती काढली आहे. तथापि ती प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. पुष्कळ ठिकाणी नोंदीच्या रकान्यात फक्त उपनाव लिहावयाचे असते. तेथे पूर्ण नाव लिहिले की यंत्रणा त्यापुढे पुन्हा मूळ नाव जोडते आणि दुहेरी नावाची निरुपयोगी नोंद तयार होते. २०१४ पासून मिळू लागलेल्या डॉट भारत या देवनागरी नावांच्या बाबतीत, दप्तरात ती रोमन लिपीतील ‘एक्सएन’ व दोन जोडरेषांनी सुरू होणाऱ्या रूपात असतात, हे ध्यानी घ्यावे. नोंद सापडत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी ते रूप तपासावे.

जाणाऱ्या टपालाचा प्रश्न निराळा आहे, कारण एमएक्स नोंद केवळ येणाऱ्या टपालापुरती असते. आपल्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांस आहे हे ‘एसपीएफ’ या मजकूर-नोंदीत जाहीर करावयाचे असते. ‘डीकिम’ नोंदीत पत्रावरील मोहर पडताळण्याची किल्ली असते, आणि या कसोट्यांत न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे हे ‘डीमार्क’ नोंद सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी, आपल्या ग्राहकांस मोठ्या संख्येने (गूगलच्या बाबतीत दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक) पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही गोष्टी आवश्यक केल्या; लहान प्रेषकांसही एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक लागते. एका नावास एसपीएफची एकच नोंद असावी लागते. नवी सेवा घेतली की जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी जोडण्याची रीत आहे. दोन नोंदी दिसताच तपासणारी यंत्रणा दोन्ही सदोष ठरविते. दोन्ही सेवा एकाच नोंदीत लिहाव्यात. परीक्षेचे वेळापत्रक पालकांच्या ‘स्पॅम’ पेटीत पडण्याचे हे एक सर्वसाधारण कारण आहे.

या कामी संस्थेने जवळ ठेवावयाचा कागद एकच. नाव कोणाकडे नोंदलेले आहे, नेमसर्व्हर कोणाचे आहेत, दप्तरात आज कोणकोणत्या नोंदी आहेत आणि परवलीचा शब्द कोणाच्या ताब्यात आहे, एवढे त्यावर असावे. पदभार देताना शिक्के व किल्ल्यांबरोबर तो दिला जावा. नाव संस्थेच्याच नावाने नोंदलेले असावे, ठेकेदाराच्या नव्हे. ठेकेदाराशी वाद झाल्यास कायद्याच्या दृष्टीने मालक तोच ठरण्याचा धोका असतो. शासकीय कार्यालयांना मिळणारी जीओव्ही डॉट इन नावे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत नोंदली जात असल्याने तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, मात्र शाळा, पतसंस्था व ग्रंथालये यांच्या बाबतीत तो नेहमीचा आहे. नाव हे कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते व त्याची स्मरणपत्रे ई-टपालाने येतात. अनेक संस्थांनी त्यासाठी त्याच नावावरील पत्ता देऊन ठेवलेला असतो. मुदत संपून नाव स्थगित झाले की ती पेटीही बंद होते आणि त्यानंतरची स्मरणपत्रे पोचतच नाहीत. म्हणून नोंदणीत निराळ्या सेवेवरील पत्ता व कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक बदलीवर गेलेल्या लिपिकाचा तर नाही ना, हे दर वर्षी मार्चअखेरीस पाहून घ्यावे.